शिस्तबद्ध नरक

राक्षस हा शब्द उच्चारला की मराठी घरातील लहानथोरांच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक मूर्ती उभी राहते. पिंजारलेले केस, बाहेर आलेले सुळे, लालबुंद डोळे आणि कधीच न शमणारी भूक. आजीच्या गोष्टीतला राक्षस ओसाड वाड्यात एकटाच राहतो, माणसाचा वास आला की खवळून उठतो, आणि त्याचा प्राण सात समुद्रांपलीकडच्या एखाद्या पोपटात असतो. त्याच्यावर कोणी वरिष्ठ नसतो, त्याच्या हाताखाली कोणी नसते, त्याला हजेरीपट नसतो की बढतीची चिंता नसते. तो दुष्ट खरा. पण त्याच्या दुष्टपणाला वेळापत्रक नसते.

याच्या नेमका उलट असा राक्षस आता कल्पून पाहावा. तो फौजेत भरती झालेला आहे. त्याला हुद्दा आहे, नेमून दिलेले काम आहे, वरून येणारी आज्ञा आहे. तोंडच्या शब्दापेक्षा सहीशिक्क्याच्या करारावर त्याची अधिक श्रद्धा आहे. कामगिरी चोख बजावली तर तो वरची पायरी चढतो. हयगय केली तर त्याला खालच्या पायरीवर ढकलले जाते. अशा राक्षसांची एक संपूर्ण जात, तिचे नऊ थरांचे राज्य आणि त्या राज्याची काटेकोर उतरंड एका खेळाने गेल्या अर्धशतकात उभी केली आहे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हे त्या खेळाचे नाव. १९७४ साली अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो प्रथम प्रसिद्ध केला.

खेळ तसा घरगुती. चार-सहा मंडळी टेबलाभोवती बसतात. त्यांतील एकजण सूत्रधार होतो व प्रसंग रंगवून सांगतो. बाकीचे प्रत्येकी एका पात्राचे सोंग घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. पात्राने केलेला प्रयत्न फळाला आला की फसला, हे वीस पैलूंच्या फाशावर ठरते. आता हीच सृष्टी संगणकाच्या पडद्यावरही उतरली आहे, आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरांतील नववी-दहावीची मुले या नरकातील अधिकाऱ्यांची नावे पाठ म्हणून दाखवू शकतात. 'नरक' आणि 'सैतान' हे शब्द कानी पडताच वडीलधारी मंडळी दचकतात. दचकण्यापूर्वी हे राक्षस कोण आहेत, कोठून आले आणि काय सांगतात, हे पाहणे इष्ट ठरेल.

पटावरून पाताळाकडे

या राक्षसांना लष्करी वळण का लागले, याचे उत्तर या खेळाच्या कुळात दडलेले आहे. आणि त्या कुळाचा मूळपुरुष आपल्याच भूमीतला आहे. चतुरंग हा शब्द मुळात सैन्याचा. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही त्याची चार अंगे. भारतातून हा पट इराणात गेला, तेथून अरबांच्या हाती आला आणि त्यांच्याकडून युरोपात पोहोचला. १७८० साली जर्मनीतील ब्रन्सविक येथील हेलविग नावाच्या गणितज्ञाने बुद्धिबळाचा पट कितीतरी पटींनी वाढवला, डोंगर, पाणी, सपाटी यांप्रमाणे घरांना निरनिराळे रंग दिले आणि युद्धाचा एक नवा खेळ रचला. पुढे प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी त्याला नकाशाची जोड दिली. १८२४ साली पुत्राने सिद्ध केलेल्या नियमांत फासे होते आणि दोन्ही पक्षांच्या हालचालींचा निवाडा करणारा एक तटस्थ पंचही होता. प्रशियाच्या सैन्याने हा खेळ आपल्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला.

१९१३ साली एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने शिशाच्या शिपायांनी घरच्या घरी लढाया खेळण्याचे नियम पुस्तकरूपाने दिले. हीच आवड अमेरिकेत रुजली. गायगॅक्स यांनी जेफ पेरेन यांच्यासह १९७१ साली 'चेनमेल' नावाने मध्ययुगीन लढायांचे नियम छापले आणि त्यांना ड्रॅगन, जादूगार इत्यादींची एक पुरवणी जोडली. तिकडे मिनेसोटा राज्यात आर्नेसन यांच्या मंडळींत एका खेळाडूने संपूर्ण सेना हलवण्याऐवजी एकाच माणसाचे पात्र वठवावे, अशी रीत पडत होती. या दोन प्रवाहांचा संगम म्हणजे १९७४ चा हा खेळ. प्रशियाचा पंच येथे सूत्रधार झाला, फासे तसेच राहिले. ज्यांनी आयुष्यभर पलटणी मांडल्या, त्यांनी नरक मांडतानाही पलटणीच मांडाव्यात, यात आश्चर्य कसले?

नियम आणि नीती

तथापि केवळ लष्करी हौसेने ही जात घडलेली नाही. तिच्या मुळाशी एक विचार आहे, आणि तो शाळेतल्या फळ्यावर आलेख काढून समजावता येण्याइतका सोपा आहे.

प्रथमावृत्तीत प्रत्येक पात्राच्या वृत्तीचे तीनच प्रकार होते: सुव्यवस्थेचा पक्षपाती, अंदाधुंदीचा पक्षपाती आणि तटस्थ. दोन-चार वर्षांतच गायगॅक्स यांना जाणवले की एवढ्याने भागत नाही. मग त्यांनी दोन रेषा एकमेकींना छेद देतील अशा आखल्या. आडव्या रेषेच्या एका टोकाला नियम व दुसऱ्या टोकाला स्वैरता. उभ्या रेषेच्या एका टोकाला सत् व दुसऱ्या टोकाला असत्. अशी नऊ घरे झाली, आणि १९७८ च्या खेळाडूंसाठीच्या पुस्तकात ही नऊ घरे पक्की झाली.

या तक्त्यातील एका घराकडे लक्ष द्यावे. ते म्हणजे नियमाने वागणारा दुष्ट. व्यवहारात आपण नियम आणि नीती यांना सख्खी भावंडे समजतो. नियमित मुलगा तो चांगला मुलगा, वेळेवर येणारा कारकून तो सज्जन कारकून, अशी आपली सहज समजूत असते. या तक्त्याने त्या दोघांना वेगळे केले. नियम पाळणारा सज्जन असेल किंवा नसेल. नियम मोडणारा दुर्जन असेल किंवा नसेल.

१९७७ साली निघालेल्या राक्षस-कोशात या तत्त्वाला देह मिळाला. मराठीत आपण ज्या सर्वांना सैतान म्हणून मोकळे होऊ, त्यांचे येथे दोन वैरी वंश झाले. 'डीमन' हे स्वैर दुष्ट. त्यांचे पाताळ अथांग आणि त्यांची संख्या अगणित. 'डेव्हिल' हे शिस्तबद्ध दुष्ट; त्यांचा नरक नऊ थरांचा आणि त्यांची फौज मोजकी, पण कवायतीची. १९९१ नंतरच्या पुस्तकांत या दोन वंशांतील अनंत काळच्या लढ्याला 'रक्तयुद्ध' असे नाव मिळाले. ते कोणी जिंकत नाही. संख्या शिस्तीला बुडवू शकत नाही आणि शिस्त संख्येला संपवू शकत नाही.

उतरंड

आवृत्तीगणिक तपशील बदलले, तरी डेव्हिलांच्या उतरंडीचा सांगाडा कायम आहे. सर्वांत तळाशी 'लेम्युर'. जिवंतपणी ज्याने शिस्तीने दुष्कृत्ये केली किंवा करारावर सही करून आपला आत्मा विकला, तो मेल्यावर येथे येतो. त्याचे नाव पुसले जाते, आठवण पुसली जाते, आणि मेणासारखा वितळलेला एक बेढब गोळा तेवढा उरतो. त्याला स्वतःची इच्छा नसते. हाकतील तिकडे तो सरपटतो. रक्तयुद्धात सर्वांत आधी खर्ची पडतात ते हेच.

यांतूनच निवडक गोळ्यांना वरची रूपे मिळतात. त्यांत निरोप पोहोचवणारे काटेरी जासूद आहेत, करवती दातांचे भाले घेऊन शत्रूवर तुटून पडणारे दाढीवाले शिपाई आहेत, गस्त घालणारे पहारेकरी आहेत. मग येतात अस्थिपंजर देहाचे 'ओसिल्युथ'. यांचे काम मोठे मासलेवाईक आहे. शत्रूपेक्षा त्यांची नजर स्वकीयांवर अधिक असते. कोण कामचुकारपणा करतो, कोणाच्या निष्ठेत खोट आहे, हे ते टिपून ठेवतात. सरकारी नोकरीत ज्येष्ठता यादी आणि गोपनीय अहवाल यांच्या छायेत ज्यांचा जन्म गेला, त्यांना या अस्थिपंजराची ओळख निराळी करून देण्याची आवश्यकता नाही!

त्यांच्या वर शिंगधारी सेनानायक. त्यांच्याही वर बर्फाच्या प्रदेशातील कीटकासारखे हिमदेही अधिकारी. आणि सर्वांच्या शिरोभागी 'पिट फीन्ड', म्हणजे नरकाचे सेनापती. हिमदेही अधिकाऱ्याला हे पद मिळायचे तर त्याला चौथ्या थरावरील अग्निकुंडात १,००१ दिवस टाकले जाते. त्यातून जो बाहेर येतो तो सेनापती होऊनच येतो. बढतीसुद्धा येथे यातनेच्या मार्गाने येते, आणि जो यातना सोसून वर आला, तो खालच्यांना ती देण्यात कसूर करीत नाही.

सेनापतींच्याही वर नऊ थरांचे नऊ अधिपती, आणि सर्वांत खालच्या नवव्या थरावर सर्वांचा स्वामी आस्मोडियस. अधिपतींनाही अभय नाही. पाचव्या थराचा लेव्हिस्टस अपराधाबद्दल हिमखंडात गोठवलेला आहे, आणि तशा गोठलेल्या स्थितीतच तो आपला थर चालवतो. सातव्या थराच्या बालझेबुलला स्वामीने गोगलगायीसारखे घृणास्पद रूप दिले. पहिल्या थराची झारिएल तर मुळात देवदूत. रक्तयुद्ध दुरून पाहता पाहता ते आपणच संपवू असा ध्यास तिने घेतला, ती त्यात उतरली आणि हळूहळू त्याच फौजेची सेनानी होऊन बसली. सद्हेतूने शस्त्र उचलणाऱ्याचे शस्त्र त्यालाच कोठवर ओढून नेते, याचे हे चित्र या साऱ्या कल्पनासृष्टीत मला सर्वांत विचार करायला लावणारे वाटते.

नावांचे कुळ

ही नावे गायगॅक्स आणि त्यांच्यानंतरच्या लेखकांनी हवेतून आणली नाहीत. युरोपच्या वाङ्मयात नरकाच्या वर्णनाची मोठी परंपरा आहे, आणि तिच्यात प्रत्येक युगाने आपली एक मुद्रा उमटवली आहे.

बायबलच्या नव्या करारात एका पछाडलेल्या माणसातील भुते आपले नाव 'लीजन' असे सांगतात. लीजन म्हणजे रोमन सैन्याची पलटण. सैतानाला लष्करी गणवेश चढला तो तेव्हापासून. चौदाव्या शतकाच्या आरंभी इटलीच्या दान्ते या महाकवीने नरकाची नऊ वर्तुळे रचली. खेळातील डिस, स्टीजिया, फ्लेजेथॉस, मालबोल्ज, केनिया ही थरांची नावे दान्तेच्या भूगोलावरून घेतलेली आहेत. त्याच्या काव्यात उकळत्या डांबराच्या खंदकावर पहारा करणारी सैतानांची एक टोळी आहे. तिचा म्होरक्या दहा जण निवडतो, त्यांच्यावर एक नायक नेमतो आणि कवीच्या सोबतीला धाडतो. पुढे त्यातले दोघे आपसांत झोंबून त्याच डांबरात पडतात. शिस्तीचे हे पहिले पथक अजून कच्चे होते, असे म्हणावे लागेल.

१५७७ साली योहान वायर नावाच्या वैद्याने ६९ सैतानांची एक यादी प्रसिद्ध केली. तीत कोणी राजा, कोणी ड्यूक, कोणी मार्क्विस, आणि प्रत्येकाच्या हुकमतीखाली किती पलटणी याचा आकडा. पहिल्या बाएल राजाच्या हाती ६६ पलटणी आहेत! गंमत अशी की हाच वायर चेटकिणी म्हणून स्त्रियांना जाळण्याच्या प्रथेविरुद्ध १५६३ साली ग्रंथ लिहिणारा धाडसी पुरुष होता, आणि यादीला त्याने नाव दिले ते 'सैतानांची खोटी राजसत्ता' अशा अर्थाचे. १६६७ साली मिल्टनच्या महाकाव्यात नरकाची राजसभा भरली. मोलॉक युद्ध मागतो, बेलियल स्वस्थ बसण्याचा सल्ला देतो, मॅमन नरकातच वैभव उभारू म्हणतो. ही तिन्ही नावे खेळात थरांचे अधिपती होऊन आली.

शेवटची मुद्रा विसाव्या शतकाची. १९४२ साली, युद्ध ऐन भरात असताना, सी. एस. लुईस यांचे एक पुस्तक निघाले. त्यात एक ज्येष्ठ सैतान आपल्या नवशिक्या पुतण्याला माणसाला भ्रष्ट कसे करावे याबद्दल पत्रे लिहितो. येथे नरक म्हणजे एक कचेरी आहे. रोमने पलटण दिली, दान्तेने थर दिले, वायरने हुद्दे दिले, मिल्टनने सभा दिली, लुईस यांनी कचेरी दिली. खेळातील डेव्हिल हे या साऱ्यांचे वारस.

अष्टप्रधान आणि अष्टमंडळ

नरकाच्या फौजेचा नित्याचा कारभार आठ सेनापतींचे एक मंडळ पाहते. खेळाच्या पुस्तकांत त्याला 'काळे अष्टक' अशा अर्थाचे नाव आहे. मराठी वाचकाला आठ म्हणताच १६७४ च्या राज्याभिषेकसमयीचे अष्टप्रधान आठवल्याविना राहणार नाहीत. लेखकांना ते ठाऊक असण्याचे कारण नाही. पण तुलना बोधप्रद आहे म्हणून करतो.

काळ्या अष्टकात खाती अशी वाटलेली आहेत: सैन्याचे आधिपत्य, रसद, सैनिकांचे मनोधैर्य, बढत्या, हेरगिरी, नव्या शस्त्रविद्येचे संशोधन, परलोकीच्या सत्तांशी राजकारण, आणि माणसांचे आत्मे मिळवणे. शिवछत्रपतींच्या मंडळातही सेनापती होते, परराज्यांशी बोलणी करणारे सुमंत होते, जमाखर्च पाहणारे अमात्य होते. पण दोन आसने अशी होती, ज्यांची जोड नरकातील अष्टकात सापडत नाही: न्यायाधीश आणि पंडितराव. आठांपैकी याच दोघांवर युद्धाची कामगिरी नव्हती. म्हणजे ज्या दोन खुर्च्यांवर तलवारीखेरीज दुसरे काही बोलले जावे, त्याच दोन खुर्च्या नरकात नाहीत.

नरकात न्यायालयेही वर्णिलेली आहेत, नाही असे नाही. पण तेथे तोलला जातो तो करार, धर्म नव्हे. सही कोणाची, मुदत केव्हा संपली, कलम कोणते, एवढेच विचारले जाते. ही गोष्ट व्हावी काय, हा प्रश्न विचारण्याची सोय त्या उतरंडीत कोठेही नाही. माझ्या मते या जातीचे खरे राक्षसत्व शिंगांत वा शेपटीत नसून या एका उणिवेत आहे. सैन्य आहे, रसद आहे, ज्येष्ठता यादी आहे, 'का?' असे विचारणारा कोणी नाही.

लंकेतील राक्षस

आपल्या परंपरेतही नरक आहे, दूत आहेत, हिशेब ठेवणारा चित्रगुप्त आहे. पण आपल्या नरकाचा स्वामी यम हा धर्मराज आहे. तो दुष्टांचा सेनापती नसून दुष्कृत्यांचा न्यायाधीश आहे, आणि पापाचा भोग संपला की त्याच्या नरकातून सुटका असते. भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळाची कथा आठवावी. विष्णुदूतांनी अडवलेले यमदूत रिकाम्या हाती परततात आणि आपल्या स्वामीला खुलासा विचारतात: शासन करणारा नेमका कोण, आणि धर्म कोणता? यम रागावत नाही; त्यांना समजावून सांगतो. हाताखालच्या दूताने प्रश्न विचारावा आणि धन्याने उत्तर द्यावे, हे काळ्या अष्टकाच्या कल्पनेतही येणार नाही.

लंकेचे राज्यही मोठे शिस्तीचे होते. सेनापती, अमात्य, हेर सर्व काही होते. तरी सीताहरणाच्या प्रश्नावर त्या राज्यात तीन उत्तरे निघाली. मारीचाला ठाऊक होते की हे कृत्य सर्वनाश ओढवील. त्याने रावणाला स्पष्ट शब्दांत सांगितले, आणि अखेर मरणाच्या भयाने आज्ञा पाळली. कुंभकर्णाने भर सभेत रावणाची चूक दाखवली, आणि भाऊ म्हणून त्याच्यासाठी रणात उतरून मेला. बिभीषणाने सांगून पाहिले, अपमान सोसला, आणि लंका सोडली. एकच आज्ञा, एकच राक्षसकुळ, आणि तीन सद्सद्विवेक. वाल्मीकींच्या राक्षसांना शिस्त होती. पण त्या शिस्तीच्या आत एक मन जिवंत होते. वर्षानुवर्षे आपल्या घरांतून 'रामविजय' वाचले गेले, त्यात बिभीषण शरण येतो तो प्रसंग श्रोत्यांना का हेलावून जातो, याचे कारण हेच असावे.

जाता जाता एक योगायोग नोंदवावासा वाटतो. आपला 'राक्षस' हा शब्दही या खेळात याच नावाने गेलेला आहे. १९७७ च्या कोशात तो वाघाच्या डोक्याचा, हाती चिलीमवजा पाइप घेतलेला असा चितारला आहे, आणि २०१४ च्या कोशात त्याचे मूळ याच नऊ थरांच्या नरकात सांगितले आहे. लंकेचा नागरिक असा परक्या फौजेच्या मुलखात जाऊन बसला. बिभीषण मात्र त्याच्याबरोबर तेथे गेलेला दिसत नाही.

भीती कशाची बाळगावी

अमेरिकेत या खेळाविरुद्ध मोठे वादळ उठले होते. १९८२ साली एका शाळकरी मुलाने आत्महत्या केली. त्याच्या शोकाकुल मातेने खेळाला दोष दिला आणि १९८३ साली विरोधी संघटना उभी केली. खेळामुळे मुले सैतानाची उपासना करू लागतात, असा प्रचार झाला. पुढे तपास-अभ्यास झाले, त्यांत असा कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नाही. तरी १९८९ साली दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा प्रकाशकांनी 'डीमन' व 'डेव्हिल' हे शब्दच गाळले. १९९१ साली हेच वंश 'तानारी' आणि 'बाटेझू' अशा बनावट नावांनी परत आले, आणि २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत जुने शब्दही परतले. पाटी बदलली होती. पाटीमागची कचेरी तीच होती.

पुत्र गमावलेल्या मातेच्या दुःखापुढे वादविवाद थिटा पडतो. तरीही म्हणावेसे वाटते की त्या काळी पालकांची भीती शब्दाला चिकटून राहिली. ज्या गोष्टीचे भय बाळगावे, ती त्या शब्दाच्या मागे होती. विसाव्या शतकाने जी मोठी पातके पाहिली, ती पिंजारलेल्या केसांच्या राक्षसांनी केली नाहीत. १९४५-४६ साली न्यूरेंबर्गच्या न्यायालयात आणि १९६१ साली जेरुसलेममध्ये आइकमनच्या खटल्यात जगाने पाहिली ती नीटनेटकी, वेळेवर कामावर जाणारी, कागद व्यवस्थित ठेवणारी माणसे. वरून आज्ञा होती, हा त्यांचा बचाव होता. शिस्त हा गुण मूळचा निरपेक्ष नाही, हे या माणसांनी सिद्ध केले. शिस्त हे पात्र आहे. त्यात दूध ठेवले आहे की विष, हे पात्राच्या चकाकीवरून कळत नाही.

शिक्षकाला हे बोलणे जड जाते, कारण शिस्त हा आमचा जपाचा मंत्र. रांग सरळ हवी, वही स्वच्छ हवी, घंटा झाली की वर्ग शांत हवा. आणि ते हवेच. परंतु शाळेचे काम तेथे संपत असेल, तर आपण उत्तम शिपाई घडवू. ते कोणाच्या फौजेत जातील, हे आपल्या हाती राहणार नाही. रांगेत उभ्या असलेल्या मुलाला, ही रांग कोठे चालली आहे असे विचारण्याचे बळ देणे, हे शिस्तीपेक्षा अवघड आणि शिस्तीइतकेच आवश्यक काम आहे. घरीही तेच. मोठ्यांचा मान राखणारे मूल आपल्याला आवडते. मान राखूनही 'हे बरोबर नाही' म्हणू शकणारे मूल घडवायला मोठ्यांना स्वतःचा मान थोडा बाजूला ठेवावा लागतो.

२०२३ साली बेल्जियममधील लॅरियन या संस्थेने याच सृष्टीवर 'बाल्डर्स गेट ३' हा संगणकीय खेळ काढला, आणि तो जगभर गाजला. त्यात कार्लाक नावाची एक स्त्री आहे. विश्वासातल्या माणसाने तिला झारिएलच्या हवाली केले. तिचे हृदय काढून त्या जागी नरकातले धगधगते यंत्र बसवले गेले, आणि दहा वर्षे ती रक्तयुद्धात लढली. एके दिवशी संधी साधून ती पळाली. छातीतले यंत्र तिला जगूही देत नाही. पण त्या फौजेत परतण्यापेक्षा ती जळून जाणे पत्करायला तयार आहे. असंख्य खेळाडूंनी तिच्यावर जीव लावला. नऊ थरांच्या अजस्र यंत्रणेपुढे तिच्याजवळ एकच शस्त्र आहे, ते म्हणजे नकार.

तेव्हा आपल्या घरातील मुलगा वा मुलगी या खेळातील हुद्द्यांची नावे घडाघडा म्हणू लागली, तर कान झाकण्याचे कारण नाही. जवळ बसावे, सारी उतरंड तळापासून शिखरापर्यंत ऐकून घ्यावी, आणि मग एवढेच विचारावे: या फौजेतला एखादा शिपाई 'मी हे करणार नाही' म्हणाला, तर काय होते? मूल खेळाच्या नियमांतून उत्तर शोधू लागेल. मग त्याला बिभीषणाची गोष्ट सांगावी; आणि मारीचाचीही सांगावी, कारण आपल्यापैकी बहुतेकांची गाठ आयुष्यात त्याच्याशीच अधिक वेळा पडते.